आमच्या रानावरचं पाणी

आण्णा पाण्याकडे पाठ करून बसायचे. आमची नवी वस्ती माळावर. ओट्यावर बसलं की समोर नारायणगडाच्या पायथ्यापर्यंत नुसतं धरणाचं पाणी दिसायचं. पण हा माणूस भिंतीकडे तोंड करून दाढी करायचा, भिंतीकडे तोंड करून बिडी ओढायचा. आण्णा म्हणजे माझे वडील. त्या पाण्याखाली आमचं जुनं गाव होतं आणि गावाला लागून आमचं रान. धरण होणार हे सगळ्या गावाला कळलं होतं, साहेब लोक दगडांवर चुन्याचे पट्टे मारून गेले होते, पण आण्णांचा विश्वास बसला नाही. शेवटच्या वर्षी लोक घरांची कौलं उतरवत होते आणि आण्णा रानात शेणखताच्या गाड्या रिकाम्या करत होते. नुसतं खत घालून थांबले नाहीत, रानाभोवती बाभळीच्या मेखा ठोकून काटेरी फासांची नवी कोरी कुपाटी घातली. काटे वाहून माझे हात फाटले होते. लोक हसायचे, "आण्णा, माश्यांनी कांदा खाऊ नये म्हणून कुंपण का?" पुढच्या पावसाळ्यात पाणी आलं आणि खत, कुपाटी, सगळं खाली गेलं. त्यानंतर आण्णा हसणाऱ्यांशी बोलले नाहीत आणि पाण्याकडे बघितलंही नाही.

माळावरचं घर पत्र्याचं होतं. दुपारी पत्रा तापून टणटण वाजायचा आणि पहाटे गार पडताना पुन्हा वाजायचा. जुन्या घरात झोपेतून उठवायला कोंबडा होता, इथे पत्रा. घरात आण्णा, आई, मी आणि आण्णांची धाकटी बहीण पारूआत्या. आत्याचा नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत कावीळ होऊन गेला आणि ती माघारी आली ती आमच्यातच राहिली. उंच, हाडापेरानं मजबूत, चालायला लागली की तिच्या मागे मला पळावं लागायचं. तिचा पाट ठरला होता. आमच्यात विधवेचं दुसरं लग्न लावतात त्याला पाट म्हणतात. माणूस डिंगोऱ्याचा होता, नामदेव नावाचा, त्याचीही पहिली बायको वारलेली. जुन्नरच्या बाजारात दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं. आत्या घरी आली आणि चुलीत फुंकर घालत आईला म्हणाली, "वयनी, मानूस कमी बोलतो. बरं हाय. मी हायेच बोलायला." आत्याच्या तोंडून लग्नाबद्दल ऐकलेलं तेवढंच. पण त्यानंतर ती दळताना ओव्या म्हणायला लागली, आधी म्हणायची नाही. वैशाखातली तिथी धरली होती.

मासे धरणं हे आमचं काम नव्हे. ते भोई लोकांचं. पण माळावरच्या जमिनीत पहिली वर्षं कुळीथसुद्धा धड येत नव्हता, आणि पाणी दाराशी. आत्यानं एका भोईणीशी गोडी करून जाळं विणायला आणि टाकायला शिकून घेतलं. होडी कुठली आणायची? तर ट्रकच्या चाकातली रबरी ट्यूब. त्यात हवा भरायची, मधल्या भोकावर सुतळीनं गोणपाट शिवायचं, त्यात बसायचं, पाय खाली पाण्यात सोडायचे. वल्हं म्हणून धुण्याचं धोपाटणं. आता चाकात ट्यूबच नसते म्हणतात, पोरं थर्माकोलवर बसून मासे धरतात. आमच्याकडे दोन ट्यूबा होत्या, एक आत्याची, एक माझी. ठिगळांनी भरलेल्या. ठिगळ लावायला जुन्नरला एका पंक्चरवाल्या चाचाकडे जायचो. तो ट्यूब हातात धरून डोक्याला हात लावायचा. "अरे बाई, ही ट्रकची ट्यूब हाय, म्हैस नाय. रोज रोज पाण्यात कशाला डुंबवती?" आत्या म्हणायची, "चाचा, म्हैस आसती तर दूध तरी दिलं आसतं. तुमी ठिगळ लावा." मग तो हसत हसत लावायचा आणि वर फुकट हवा भरून द्यायचा.

पहाटे निघायचं. ट्यूब डोक्यातून खांद्यावर अडकवायची आणि उतारानं खाली. पाण्यात पहिला पाय घातला की गार कळ थेट मांडीत चढायची, मग सवय व्हायची. उन्हाळ्यात पाणी उतरायला लागलं की जुन्या रानांवर पाण्यातलं गवत आणि शेवाळ दाट वाढायचं, वरून हिरवं सतरंजीसारखं दिसायचं. मासे त्यात बसायचे. दोघींनी जाळ्याचं एकेक टोक धरायचं, गवताच्या एका बाजूनं जाळं सोडायचं, मग दुसऱ्या बाजूला जाऊन धोपाटण्यानं पाणी बडवायचं. मासा घाबरून पळतो तो जाळ्यात. पाणी बडवल्याचा आवाज डोंगरावर आपटून परत यायचा, जणू पलीकडेही कुणी धुणं धुतंय. आत्या मला खाली काय आहे ते सांगायची. "आता तू सुताराच्या घरावरनं चाललीस. पाय आखूड घे, त्याची बायको भांडंल." मी खरंच पाय आखडून घ्यायची. सगळ्या गावावर आम्ही मासे धरले, पण आमच्या रानावर आत्या कधी जाळं टाकायची नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "तिथं दादाचा जीव हाय. जिवावर जाळं टाकू न्हाई."

चैत्रात आई बाळंत झाली. मुलगा झाला. मुलगा झाला म्हणून आण्णा पहिल्यांदा हसले, पण ते हसू टिकलं नाही, कारण आईला दूध येईना. अळीव झाले, खारका झाल्या, शेपू झाला, काही उपयोग नाही. पोर रात्रंदिवस मांजरासारखं ओरडायचं, मग ओरडण्याचाही आवाज बारीक व्हायला लागला. शेळीचं दूध पाजलं तर ओकायचं. सुईण आली, पोराच्या टाळूवर हात फिरवून म्हणाली, "मरळीचा रस्सा पाजा हिला. ताज्या मरळीचा. मागच्या साली एकीला उतरलं दूध त्यानं." मरळ म्हणजे काळा, सापाच्या तोंडाचा मासा. दाट गवतात राहतो आणि श्वास घ्यायला मधूनच वर येतो. आत्या आणि मी दोन दिवस हिंडलो. चिलापी मिळाली, मळे मिळाले, मरळ नाही.

त्या संध्याकाळी आत्या बाहेर दगडावर बसून जाळं नीट करत होती. ती खाली बघूनच बोलली, "दादा, गवत सगळ्यात दाट कुठं हाय ठावं हाय का तुला?"

आण्णा ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बिडी ओढत होते.

"आपल्या रानावर. तू खत घातलंस ना. मरळी तिथंच आसनार. पन कुपाटीच्या आत जायाचं तर वाट गावली पायजे. वरनं काय दिसत न्हाई."

आण्णांनी बिडी विझवली. आतून पोराचा आवाज येत होता. ते म्हणाले, "मी येतो सकाळी. वाट मी दावतो."

आईनं आतून ऐकलं असणार, कारण ती रडायला लागली. पाणी आल्यापासून आण्णा त्या उताराला कधी गेले नव्हते.

सकाळी तिघं गेलो. पाणी बरंच उतरलं होतं, आमच्या बांधाचा वरचा कोपरा उघडा पडला होता. आण्णा त्यावरून पुढे गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. आधी त्यांनी खाली बघितलं, मग वर. माझ्या वडिलांचा चेहरा मी तेव्हा नीट बघितला. त्यांना त्या पाण्यात रान दिसत होतं, हे कुणालाही कळलं असतं. समोर आमच्या आंब्याचा वाळलेला शेंडा पाण्यातून वर आला होता. "आंब्याचा शेंडा आन् गडाची सोंड एका रेघंत धरा," ते ओरडले. "त्या रेघंनं सरळ जा. आता डावीकडं. थांब. ही हीर. हिरीवरनं पुढं या. हितं गाडीवाट हाय, घाला सरळ आत." त्यांचा आवाज पाण्यावरून अगदी जवळ येत होता. जुन्या गावात औत धरल्यावर असायचा तसा तो आवाज होता, आम्हाला हुकूम करणारा, आनंदातला. आत्या मागे वळून माझ्याकडे बघून हसली. "बघ की, दादा शेतावर आला." ती पुढे होती, मी मागे, मध्ये जाळं. इतक्यात हिरव्या गवतात एक मोठा बुडबुडा फुटला आणि काळी पाठ वळून आत गेली. आत्यानं बोट ओठावर ठेवलं. आम्ही जाळं सोडलं. ती आत शिरली आणि तिनं धोपाटणं उचलून पाण्यावर मारलं.

दुसरा फटका मारताना तिची ट्यूब वाजली. मोठा आवाज नाही, पिशवीतून धान्य सांडल्यासारखा. आत्या खाली बसल्यासारखी झाली. तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो माझ्यासाठी, "मागं हो! काटं हायेत!" मी धोपाटण्यानं मागे ओढलं स्वतःला. तिची ट्यूब मऊ होऊन पोटाभोवती गोळा झाली, गोणपाट तिला खाली ओढायला लागलं आणि तिचा उजवा पाय दोन मेखांच्या मध्ये गेला. बाभूळ पाण्यात कुजत नाही, उलट दगडासारखी होते. मी जवळ जाऊ लागले तर ती ओरडली, "नगं येऊ! तुजी बी फुटंल. दोर टाक." मी जाळ्याचा दोर टाकला, तिनं तो धरला आणि हनुवटी पाण्यावर ठेवून राहिली. आण्णा पोहत आले. त्यांनी बुडी मारली, वर आले, पुन्हा बुडी मारली. दर वेळी वर आले की ते एकच बोलत होते, "गाडीवाट हितंच हाय. पारे, हितंच हाय गं गाडीवाट."

गाडीवाट तिथेच होती, कैक वर्षं तिथेच होती. फक्त शेवटच्या वर्षी धरणाच्या कामाच्या ट्रकांनी तिथवर येणारा रस्ता उखडला म्हणून आण्णांनीच ती काट्यांनी बंद केली होती आणि आंब्याच्या बाजूला नवी केली होती. एका वर्षाची वाट त्यांच्या डोक्यात राहिलीच नव्हती. त्यांच्या पायांना जुनीच वाट ठाऊक. त्यांना खोटं म्हणता येत नाही आणि चूकही कशी म्हणायची. माझा भाऊ म्हणतो, ताई, कशाला लिहितेस, झालं ते झालं. पण ज्याच्यासाठी हे झालं त्यानं असं म्हणू नये, म्हणून लिहिते.

आत्याचा पाय मोकळा झाला तेव्हा पाणी तांबडं झालं होतं. पण तिनं जाळ्याचं टोक मनगटाला गुंडाळलेलं सोडलं नव्हतं. काठावर आल्यावर तिनं पहिलं ते बघितलं. दोन मरळी होत्या, एक हाताएवढी. आण्णा तिला पाठीवर घेऊन चढ चढत होते आणि ती त्यांच्या खांद्यावरून मला सांगत होती, "तिखाट घालू नगंस. हळद, लसूण, मिरं. तेल कमी. राख लावून धर म्हंजे निसटायची न्हाई." मी तसं केलं. घरभर लसणाचा वास सुटला. एका कोपऱ्यात आई रस्सा पीत होती, दुसऱ्या कोपऱ्यात सुईण आत्याच्या पायातले काटे सुईनं काढत होती. आई घोट घेताना आत्याकडे बघत नव्हती. दुसऱ्या दिवशीही रस्सा दिला. तिसऱ्या दिवशी दूध आलं. मरळीनं आलं की आपसूक आलं, मला माहीत नाही. पोर प्यायलं आणि पहिल्यांदा झोपलं.

काटे सगळे निघाले नव्हते. घोट्यात एक राहिला. पोटीस बांधलं, लिंबाचा पाला बांधला, पाय भोपळ्याएवढा झाला. मग जुन्नरच्या डॉक्टरनं चिरून काढला. जखम भरली पण घोटा तसाच आखडून राहिला. आत्या उजवा पाय ओढत चालायला लागली. आता माझ्या मागे तिला यावं लागायचं. मी मुद्दाम हळू चालले की ती मागून म्हणायची, "काय मयताला चाललीस का? चाल की."

डिंगोऱ्याला आण्णांनी निरोप धाडला, घरात बाळंतपण आहे, पुढे ढकलू. हे खोटं नव्हतं. पायाचं मात्र त्या निरोपात नव्हतं. आज असते तसे फोन असते तर संध्याकाळपर्यंत डिंगोऱ्याला कळलं असतं. तेव्हा कळलं नाही.

आणि घरात काय झालं म्हणाल, तर सगळे आत्याला घाबरायला लागले. पहिली भाकरी तिच्या ताटात. लोणी तिच्या ताटात. आण्णा तिच्या हातातून घागर काढून घ्यायचे, सरपण काढून घ्यायचे, झाडू काढून घ्यायचे. आई तिच्याशी हळू आवाजात बोलायची. मी तिच्या आधी उठून सगळं आवरून ठेवायची. मी काही केलं नव्हतं, मी फक्त मागे होते आणि माझी ट्यूब फुटली नाही, पण मन खायला तेवढंही पुरतं. आत्या चिडायची. "मी काय गाभण म्हैस हाय का रं दादा? आन ती घागर हिकडं." आण्णा द्यायचे नाहीत. पोराला खेळवायला आलेल्या बायका त्याला म्हणायच्या, "आत्याचा पाय पिऊन मोठा व्हतूयस रं लबाडा." आत्या त्यांना हाकलून द्यायची. पण ते बोलणं त्याच्याबरोबर मोठं झालं. आज माझ्या भावाच्या घरात नातवंडं आहेत, दारात ट्रॅक्टर आहे, आणि कुणी मरळ आणली की तो अजून जेवणावरून उठतो.

दसरा झाला आणि डिंगोऱ्याहून पाहुणे आले, तिथी धरायला. नामदेव, त्याची म्हातारी आई आणि चुलता. आदल्या दिवशी आण्णा आत्याला म्हणाले, "पारे, तू बसूनच राहा. ते आल्यापासून जाईपातूर. कोपऱ्यात हुलगं निवडत बस. एकदा तिथी धरली की मंग सांगू हळूच."

आत्यानं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "सांगून टाक की आत्ताच."

"मी बिघडवलं ते मला नीट करू दे," आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज असा झाला की आत्यानं सूप पुन्हा ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायच्या आधी ती कोपऱ्यात बसली. मी घोंगडी तिच्या पायावर नीट केली, पाऊल आत लोटलं.

बोलणं छान झालं. पाऊसपाणी, बैल, कांदा, सगळं झालं. म्हातारी म्हणाली, "पोरगी लई गुणाची दिसती. उठून हिंडत न्हाई, एका जागी काम करती." आण्णा हसले, गरजेपेक्षा जास्त हसले. पन्हाळीखाली कोंबड्या ओरडत होत्या. तिथी धरली, कार्तिकातली. गूळ वाटला. पाहुणे उठले. मी आण्णांकडे बघितलं, त्यांच्या कपाळावरचा घाम मला दिसला. झालं एकदाचं, असं वाटलं. आणि म्हातारी दाराशी थांबून म्हणाली, "ये बाई, पाया पड, जाते मी."

कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. सून होणारी बाई सासूच्या पाया पडायची राहते का?

आत्यानं घोंगडी बाजूला केली, भिंतीला हात लावून उठली आणि घर ओलांडून गेली. पाय ओढत, सुपाला वळसा घालून, सगळ्यांसमोरून. वाकली. म्हातारीचा हात तिच्या डोक्यावर अर्ध्यातच राहिला.

"पायाला काय झालं?" नामदेवनं विचारलं.

"ठेच लागली परवा," आण्णा म्हणाले. "दोन दिसात बरं व्हतंय."

"ठेच न्हाई," आत्या उभी राहत म्हणाली. "चैतात काटं घुसलं. पाय असाच राहणार आता."

नामदेव आण्णांकडे वळला. तो खरंच कमी बोलणारा माणूस होता, बोलायला त्याला वेळ लागला. "चैतात. म्हंजे बाळंतपनाचा निरोप आला तवा."

"व्हय, पन बाळंतपन खरं व्हतं पावणं..."

"माझी पयली दोन वर्सं खाटंवर व्हती. मी तिला उचलून आंघूळ घातलीया. पायाचं मला काय न्हाई." त्यानं टोपी नीट केली. "पन तुमी हिला झाकून ठिवली. मोडकं भांडं इकतात तशी. उद्या मी तुमचा शबूद कसा धरायचा?" आणि आत्याकडे बघून म्हणाला, "तुमच्यावर माझा राग न्हाई." मग म्हातारीचा हात धरून तो उतारानं चालायला लागला. चुलता मागे वळून वळून बघत होता.

आत्या दारात उभी होती. ते वळणाआड जाईपर्यंत उभी होती. आई पोराला घेऊन आत गेली. मी गुळाचा डबा हातात धरून होते, तो कुठे ठेवावा हे मला सुचत नव्हतं.

"पारे," आण्णा म्हणाले, "मी जातो उद्या डिंगोऱ्याला. पाय धरतो त्याचे."

"नगं."

"माझ्यामुळं..."

"दादा, काट्यात घातलंस ते तुला उमजलं न्हाई. ते मी काठावर यायच्या आधीच सोडलं व्हतं. तुजा आवाज मी ऐकत व्हते ना पाण्यात." तिनं पदर खोचला. "आजचं मातुर तू जानून केलंस. आन् मला बी कराया लावलंस. आता माझ्यासाठी काय करू नगंस."

ती रडली नाही, मी सांगते. तिनं कोपऱ्यातली घागर उचलली, कमरेवर घेतली आणि पाण्याला निघाली. आण्णा सवयीनं उठले, तिच्या हातातून घागर घ्यायला. दोन पावलं गेले. मग थांबले, आणि परत येऊन ओट्यावर बसले.